मुळाक्षरे आणि मूळ अधिकार

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथांचा, ग्रंथकारांचा, नियतकालिकांचा आणि फार तर छापखान्यांचा विचार करतो. वाचकाच्या हातातील साधनाकडे सहसा कोणी पाहत नाही. पुस्तक हे साधन वाचकाकडून फारसे काही मागत नाही. ते उघडले की अक्षरे दिसतात. २००८ ते २०१४ या सहासात वर्षांत मात्र मराठी वाचकांच्या हाती असे एक साधन आले की ज्यात मराठी मजकूर येत होता, साठवला जात होता, पुढे पाठवलाही जात होता. फक्त दिसत नव्हता. अक्षरांच्या जागी एकाच मापाचे रिकामे चौकोन दिसत. लोक त्यांना डबे म्हणत. ‘तुझा मजकूर डबे डबे दिसतोय’ हे वाक्य त्या काळात किती वेळा उच्चारले गेले असेल, याची गणती नाही.

हे साधन म्हणजे ॲन्ड्रॉइड प्रणालीवर चालणारा फोन. या डब्यांच्या जागी अक्षरे आणण्यासाठी वाचकांपैकी काहींनी जो उद्योग केला, त्याला तांत्रिक भाषेत फोन ‘रूट’ करून प्रणालीच्या फाइली बदलणे असे म्हणतात. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हा विषय मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोडून द्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या उद्योगाची कथा मराठी लिपीच्या इतिहासातील एक प्रकरण आहे आणि त्या काळातील मजकुराची चिकित्सा ज्यांना उद्या करावी लागेल, त्यांना ते वगळता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘रूट’ म्हणजे मूळ. युनिक्स परंपरेतील प्रणालींमध्ये ज्या वापरकर्त्याला सर्वाधिकार असतात त्याचे हे नाव असून त्याचा क्रमांक शून्य असतो. ॲन्ड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असल्याने ही कल्पना तेथेही आली. फोन विकत घेणाऱ्याला मात्र हा अधिकार दिलेला नसे. तो फोनचा मालक असे. फोनच्या प्रणालीच्या दृष्टीने तो एक साधा रहिवासी असे. अक्षरांच्या फाइली ज्या कप्प्यात असत तो कप्पा त्याला फक्त वाचता येई, त्यात लिहिता येत नसे. थोडक्यात, मुळाक्षरे पाहण्यासाठी आधी मूळ अधिकार मिळवावा लागे.

१

अक्षर पडद्यावर कसे उमटते, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यासाठी छापखान्याची आठवण उपयोगी पडते.

खिळ्यांच्या छापखान्यात मजकूर उभा राहण्यासाठी तीन गोष्टी लागत. पहिली हस्तलिखित प्रत, म्हणजे कोणते अक्षर हवे याची आज्ञा. दुसरी खिळे, म्हणजे अक्षरांची घडवलेली रूपे. तिसरी जुळारी, म्हणजे ते खिळे योग्य क्रमाने, योग्य जागी बसवणारा माणूस. देवनागरीत हे तिसरे काम विशेष कौशल्याचे. रोमन लिपीत अक्षरे एकामागून एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतरची, पण लिहायची व्यंजनाच्या आधी. रफार उच्चाराने आधीचा, पण बसायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरात एक व्यंजन अर्धे होते, तर कधी दोन्ही मिळून तिसरेच रूप घेतात. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवनागरी खिळ्यांवर जे काम केले, आणि त्याच छापखान्यात लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर काढून ते ज्या उंचीला नेले, त्या सगळ्या कारागिरीच्या मुळाशी ही अडचण होती. अखंड खिळे वापरले तर त्यांची संख्या फार वाढते. काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या जुळवायच्या डिग्री पद्धतीचे खिळे वापरले तर जुळाऱ्याचे काम वाढते. काम कमी करता येत नाही. ते फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकवता येते.

संगणकातही याच तीन गोष्टी आहेत. प्रतीची जागा सांकेतिक क्रमांकांनी घेतली. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ मध्ये पक्के झाले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. खिळ्यांची जागा फॉन्टने घेतली. जुळाऱ्याची जागा एका अदृश्य आज्ञावलीने घेतली. क्रमांकांची ओळ पाहून वेलांटी अलीकडे आणायची, रफार वर चढवायचा, जोडाक्षर घडवायचे, ही तिची कामे. विंडोज २००० मध्ये ती देवनागरीसाठी आली. विंडोज एक्सपीच्या काळात ती संगणकात असूनही निजलेली असे. प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एका चौकटीत खूण करून, मूळ तबकडी घालून तिला जागे करावे लागे. मराठी संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात वाचकांसाठी साहाय्याचे पान असे, आणि त्यावर बहुधा याच खुणेची कृती लिहिलेली असे.

ॲन्ड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. त्याच्या मूळ प्रणालीत देवनागरीचे खिळे नव्हते आणि जुळारीही नव्हता. सांकेतिक क्रमांक तेवढे पोचत. प्रत आली आहे, पण छापखाना बंद आहे, अशी ती अवस्था होती. पुढे काही उत्पादकांनी भारतात विकायच्या फोनांत आपल्यापुरती देवनागरीची सोय केली. पण ती त्या त्या फोनची कृपा होती. एकाच कंपनीच्या दोन फोनांत एकावर मराठी दिसे आणि दुसऱ्यावर डबे दिसत.

२

ही अडचण गावाकडे अधिक जाणवली, कारण तेथे अनेकांच्या हाती संगणकाच्या आधी फोन आला. पुणे-नाशिक महामार्गाच्या पट्ट्यात, नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपळवंडी हे गाव आहे. याच जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी टिपतात. अवकाशाशी इतकी जुनी ओळख असलेल्या या टापूत खिशातल्या फोनला मात्र गावाचे नाव धड लिहिता येत नव्हते.

हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. समजा, एखाद्याने फोनमध्ये देवनागरी फॉन्ट घातला, म्हणजे खिळे आणले. पण जुळारी आणला नाही. मग काय दिसे? ‘नारायणगाव’ व्यवस्थित दिसे. ‘आळेफाटा’, ‘ओझर’, ‘नाणेघाट’, ‘कुकडी’ हेही व्यवस्थित दिसत. या शब्दांत जोडाक्षर नाही, रफार नाही, पहिली वेलांटी नाही. खिळे नुसते ओळीने ठेवले तरी शब्द होतो. पण ‘जुन्नर’ लिहिले की ‘जुन्‌नर’ असा पाय मोडलेला न दिसे. ‘आर्वी’चा रफार खाली उतरून ‘आर्‌वी’ होई. ‘लेण्याद्री’ दोन ठिकाणी मोडे. ‘शिवनेरी’ची वेलांटी शवर न बसता वला जाऊन चिकटे. आणि ‘पिंपळवंडी’त पहिला प वेलांटीवाचून उघडा राही, ती वेलांटी दुसऱ्या पची असल्यासारखी भासे. विशेष म्हणजे ‘मराठी’ हा शब्द जुळाऱ्याशिवायही नीट उमटतो. त्यामुळे फॉन्ट घातल्यावर प्रथम ‘मराठी’ लिहून पाहणाऱ्याला काम फत्ते झाल्यासारखे वाटे. पुढच्याच वाक्यात त्याचा भ्रमनिरास होई.

जुन्नरच्या परिसरात लिपी आणि वाचक यांची ताटातूट पूर्वीही झालेली आहे. नाणेघाटातील सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख दोन हजार वर्षे भिंतीवर होता. घाटातून ये-जा करणाऱ्यांना अक्षरे दिसत होती, पण ती वाचण्याची विद्या मधल्या शतकांत लोपली होती. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मीचा उलगडा केल्यावर ती पुन्हा वाचता येऊ लागली. तेथे अक्षर शाबूत होते आणि वाचक हरवला होता. फोनच्या प्रकरणात वाचक साक्षर होता, भाषा त्याची होती, आणि अक्षरच मधल्या मध्ये अडले होते. पहिल्या ताटातुटीला काळ कारण झाला. दुसरीला एका व्यापारी प्रणालीतील अग्रक्रम कारण झाले. त्या अग्रक्रमांत कोट्यवधी वाचकांची लिपी पहिल्या काही वर्षांत बसली नाही.

३

तेव्हा वाचकाने काय केले?

सर्वांत सोपा मार्ग फोनला हात न लावण्याचा होता. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे लिहिले की एक गुप्त यादी उघडे. तिच्यात कठीण लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरायची की नाही, असा पर्याय असे. तो ‘हो’ केला की जुळाऱ्याचे काम दूरच्या संगणकावर होई आणि फोनवर अक्षरांची चित्रे येत. मराठी दिसे आणि वाचता येई. मात्र त्यातील ओळ उचलून कोणाला पाठवता येत नसे, आणि त्या ब्राउझरबाहेर डबे तसेच राहत. आलेला संदेश, साठवलेले नाव, गाण्याचे शीर्षक यांपैकी काहीच दिसत नसे. दुसऱ्याच्या घरी जाऊन पुस्तक वाचून यावे, तसे हे वाचन होते.

ज्यांना हे पुरेसे वाटले नाही त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्याची कृती साधारण अशी होती. प्रथम फोन रूट करायचा; प्रणालीतील एखादी फट वापरून किंवा फोनचा आरंभीचा कुलूपबंद टप्पा खुला करून सर्वाधिकार मिळवायचे. बहुतेक उत्पादक अशा फोनची हमी रद्द समजत, तेव्हा पहिली किंमत येथेच मोजली जाई. मग ‘सिस्टिम’ नावाचा कप्पा, जो एरवी फक्त वाचण्यासाठी उघडा असे, तो लिहिण्यासाठी उघडायचा. त्यातील ‘फॉन्ट्स’ या दालनात ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ नावाची फाइल असे. नेहमीच्या फॉन्टमध्ये न सापडलेले अक्षर शेवटी शोधायचे ते येथे. म्हणजे ती फाइल लिप्यांची धर्मशाळा होती. तिची प्रत आधी संगणकावर काढून ठेवायची, आणि देवनागरी असलेला फॉन्ट त्याच नावाने तिच्या जागी ठेवायचा. नाव बदलता कामा नये, कारण प्रणाली नावावरून ओळखत असे, आतले पाहत नसे.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा विसरली जाई. प्रत्येक फाइलीला परवानग्या असतात: मालकाला वाचता-लिहिता येते की नाही, इतरांना काय करता येते. नव्याने ठेवलेल्या फाइलीच्या परवानग्या ६४४ या संख्येने दाखवल्या जातात तशा, म्हणजे मालकाला वाचन-लेखन आणि इतरांना फक्त वाचन अशा, करून द्याव्या लागत. त्या चुकल्या तर फॉन्ट जागेवर असूनही प्रणालीला तो वाचता येत नसे. मग फोन सुरू होताना कंपनीच्या चिन्हावर येऊन थांबे, पुन्हा बंद होई, पुन्हा सुरू होई. आपल्याकडे याला ‘लोगोवर अडकला’ म्हणत. अशा वेळी फोन संगणकाला जोडून जुनी फाइल आत ढकलायची, किंवा सुटकेच्या वेगळ्या टप्प्यात जाऊन आधीची संपूर्ण प्रत पूर्ववत करायची. ज्याने प्रत काढून ठेवली नसेल त्याला बाजारातील दुकान गाठावे लागे. तेथे एकच निदान असे: ‘सॉफ्टवेअर मारायला लागेल.’ सॉफ्टवेअर मारले की फोन नव्यासारखा होई, आणि मराठीही नव्याने नाहीशी होई.

या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट घडत असे. ‘फॉलबॅक’ फाइलीत मुख्यतः चिनी, जपानी, कोरियन अक्षरे असत. तिच्या जागी नुसता देवनागरी फॉन्ट ठेवला की ती अक्षरे जात आणि त्यांचे डबे होत. मराठी वाचकाला त्याचे सोयरसुतक नसे. पण धर्मशाळेत आपल्याला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याला बाहेर काढावे लागत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही चोखंदळ मंडळी दोन फॉन्ट एकत्र करून हा अन्याय टाळत.

एवढे सगळे करून मिळत होते ते फक्त खिळे. जुळारी फॉन्टमध्ये नव्हता. तो प्रणालीच्या अधिक आतल्या, अक्षरे रेखाटणाऱ्या आज्ञावलीत असायला हवा होता. काही तरबेज लोकांनी त्या आज्ञावलीच्या फाइलीही बदलून पाहिल्या. पण फॉन्ट कोणत्याही फोनला चालतो, तशी ही फाइल चालत नसे. ती त्या त्या फोनच्या, त्या त्या आवृत्तीची लागे. म्हणून बहुसंख्यांच्या वाट्याला ‘जुन्‌नर’ हाच पाठ आला. आश्चर्य असे की त्यांनी तो आनंदाने वाचला. डब्यांपेक्षा पाय मोडके अक्षर बरे, असा हा हिशेब होता. शिकलेला डोळा मोडकी वेलांटी मनातल्या मनात अलीकडे आणतो. जुळाऱ्याचे काम त्या वर्षांत वाचकाच्या डोळ्यांनी केले.

४

ही अवस्था पालटली ती २०११ च्या अखेरीस आलेल्या ॲन्ड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीपासून. तिच्यात देवनागरीचे खिळे आले आणि जुळारीही आला. दोहोंची कुळकथा मराठी वाचकाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

खिळे ‘लोहित’ नावाच्या फॉन्ट-कुलातील होते. हे फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या, ‘श्री-लिपी’मुळे मराठी मुद्रणव्यवसायाला परिचित असलेल्या संस्थेने घडवलेले. रेड हॅट कंपनीने ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. ‘लोहित’ म्हणजे तांबडा, हे नावच त्या कंपनीच्या नावाची आठवण देणारे आहे. २०११ मध्ये त्यांचा परवाना फॉन्टसाठी खास तयार केलेल्या मुक्त परवान्यात बदलण्यात आला. म्हणजे पिंपळवंडीपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर घडलेली अक्षरे जगाला वळसा घालून, एका अमेरिकी कंपनीच्या प्रणालीतून पिंपळवंडीच्या फोनमध्ये आली. ती आधीच का आली नाहीत, याचे उत्तर खिळे नव्हते हे नाही. खिळे शेजारी तयार होते. त्यांना आत घेणारा दरवाजा दुसऱ्याच्या ताब्यात होता.

जुळाऱ्याचे नाव ‘हार्फबझ’. इराणी वंशाचे संगणकतज्ज्ञ बेहदाद एस्फहबोद यांनी हे नाव फारसीतून घेतले: ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे, खुले. ‘तोंडातून हरफ काढला नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यातील पहिला शब्द परका वाटू नये. फारसीतून कधी काळी आपल्याकडे आलेला हरफ दुसऱ्या वाटेने पुन्हा आला आणि त्याने आमची जोडाक्षरे जुळवली.

अर्थात पहिल्याच आवृत्तीत सर्व साधले असे नाही. जुळणीतील उणिवा पुढच्या आवृत्त्यांत हळूहळू कमी झाल्या. या काळात रूट करणाऱ्यांचे कामही बदलले. आता फॉन्टची अदलाबदल करण्यापेक्षा फॉन्टचा क्रम सांगणारी फाइल संपादित करावी लागे. कोणत्या लिपीसाठी कोणता फॉन्ट आधी पाहायचा, याची ती यादी असे. यादीत ज्याचे नाव वर, त्याची अक्षरे दिसणार. तिच्यात एक कंस बंद करायचा राहिला तरी फोन लोगोवर अडके. २०१३ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून ‘स्वरचक्र’ हा कळफलक आला आणि वाचण्याबरोबर लिहिणेही सुकर झाले. २०१४ मध्ये ॲन्ड्रॉइड ५.० मध्ये प्रणालीची भाषा म्हणून मराठीला प्रथमच स्थान मिळाले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारतीय मानक १६३३३, भाग ३ याच्या आधारे विकल्या जाणाऱ्या फोनांत बावीस अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता येणे बंधनकारक करण्याचे पाऊल उचलले. डबे दिसण्याचे दिवस संपत आले.

५

मग हा इतिहास आता कशाला आठवायचा? वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण पाठचिकित्सेचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी दिला. या परंपरेने आपल्याला लेखनिकाचा प्रमाद ओळखायला शिकवले. आता यंत्राचा प्रमाद ओळखायला शिकले पाहिजे, आणि त्यातही दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. ‘जुन्‌नर’ असे दिसत असताना आतला सांकेतिक क्रम बहुधा शुद्धच होता. तो पाठभेद नव्हे. योग्य जुळारी मिळताच तोच मजकूर ‘जुन्नर’ दिसू लागतो. पण काही प्रमाद मजकुरात कायमचे मुरले आहेत.

याचे उत्तम उदाहरण ‘ॲन्ड्रॉइड’ या शब्दाचेच पहिले अक्षर. अवर अर्धचंद्र असलेल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. म्हणजे ज्या वर्षी ॲन्ड्रॉइड फोन बाजारात आला त्याच वर्षी. त्याआधीच्या फॉन्टांत ते असणे शक्य नव्हते, आणि नंतरच्याही अनेक फॉन्टांत ते लगेच आले नाही. लोकांनी मग अ लिहून पुढे अर्धचंद्र जोडला, ‘अॅ’. किंवा एवर अर्धचंद्र देऊन ‘ऍ’ लिहिले. डोळ्याला पहिली दोन रूपे एकसारखी दिसतात. यंत्राच्या लेखी ती सर्वस्वी भिन्न आहेत, आणि युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. परिणामी त्या काळातील मजकुरात ‘ॲरिस्टॉटल’ शोधायला जावे तर ‘अॅरिस्टॉटल’ सापडत नाही. समीक्षेच्या इतिहासातील एखाद्या संज्ञेचा प्रथम वापर शोधणाऱ्या विद्यार्थ्याने तिन्ही रूपे शोधली नाहीत, तर त्याचा निष्कर्ष चुकीचा निघेल, आणि चूक कोठे झाली हेही त्याला कळणार नाही.

दुसरे उदाहरण खास मराठीचे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद मराठीत अर्थाचा भेद आहे. हिंदीत तो नाही. म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या फॉन्टांत आणि कळफलकांत हा अर्धचंद्रासारखा ऱ पुष्कळदा नसे. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत: एक नुक्ता असलेल्या रपासून, दुसरी जुन्या आवृत्तीशी सुसंगती म्हणून ठेवलेली, अदृश्य जोडचिन्ह वापरून. हे जोडचिन्ह नकल करताना, एका प्रणालीतून दुसरीत नेताना गळून पडे, आणि ‘शेतकऱ्यांना’ऐवजी रफाराचे रूप उमटे. स्वयंपाकघरातील आचारी असा बसल्या जागी आचार्य होई. हे हसण्यावारी नेता येईल. पण संपादकाने अशा ठिकाणी लेखकाला शुद्धलेखन येत नव्हते असा निर्वाळा देण्यापूर्वी मजकूर कोणत्या साधनातून गेला आहे, ते विचारले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली. देठाचा श आणि पाकळीचा ल हे तेव्हापासून प्रमाण. फोनमधील फॉन्ट मात्र बहुधा हिंदी वळण दाखवत. आजही फॉन्टमध्ये मराठी वळणे असली, तरी मजकूर मराठी आहे हे यंत्राला सांगितले असेल तरच ती उमटतात. लिपी एक असली तरी भाषा दोन आहेत, हे यंत्राला वेगळे सांगावे लागते.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. तेव्हा वाचकाला अधिकार दिलेला नव्हता, पण तो हिसकावून घेता येत होता. नंतर दरवाजे अधिक भक्कम झाले. २०१६ मधील ७.० आवृत्तीपासून फोन सुरू होतानाच प्रणालीच्या कप्प्यात काही फेरफार झाला आहे का, याची कडक तपासणी होऊ लागली. मूळ कप्प्याला धक्का न लावता वरून बदलांचे आवरण घालण्याची ‘मॅजिस्क’सारखी युक्ती त्याच वर्षी निघाली, तीही याच कारणाने. ही तपासणी चोरांपासून आणि घातक आज्ञावल्यांपासून संरक्षण देते, हे खरेच आहे. फोनमध्ये बँक आल्यावर ती नको असे कोणी म्हणणार नाही. पण कुलूप चोराला आणि घरमालकाला ओळखून वेगळे करत नाही. एखादे अक्षर आज चुकीचे उमटले, तर वाचकाने ते स्वतः दुरुस्त करावे अशी वाट फारशी उरलेली नाही. त्याने तक्रार करावी आणि पुढच्या आवृत्तीची प्रतीक्षा करावी.

देवनागरीपुरता हा प्रश्न आता मागे पडला आहे, असे वाटेल. पण मोडीकडे पाहावे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे डोंगर आहेत. आणि मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत. क्रमांक मिळणे ही पहिली पायरी. त्यानंतर खिळे हवेत, आणि हात न उचलता एका ओघात लिहिल्या जाणाऱ्या या लिपीला तर फार हुशार जुळारी हवा. मोडी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे येणारे प्रश्न ओळखीचे आहेत: क्रमांक आहे का, रूप आहे का, जुळणी आहे का, आणि या तिन्हींतील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञ देतील. चौथा प्रश्न आपला आहे. त्या सहासात वर्षांत ज्यांनी हमी रद्द होण्याचा धोका पत्करून, लोगोवर अडकलेले फोन पुन्हा पुन्हा उठवून, फाइलींच्या परवानग्या तपासत आपली मुळाक्षरे आत नेली, त्यांच्यातील बहुतेकांना आपण लिपीच्या इतिहासात काही करत आहोत याची जाणीवही नसेल. त्यांना मित्राचा संदेश वाचायचा होता, एखादी कथा पुरी करायची होती. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. जुळाऱ्यांचीही नव्हती. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखक, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावे असत. खिळे जुळवणाऱ्याचे नसे. त्या वर्षांतील मराठी मजकूर जेव्हा कोणी संपादनासाठी हाती घेईल, तेव्हा त्याने निदान तिन्ही ‘ॲ’ आणि दोन्ही ‘ऱ्या’ आहेत तसे जपावेत. सरसकट शुद्ध करून टाकले तर अक्षर नीट दिसेल. ते वाचकापर्यंत कोणत्या वाटेने आले, ते मात्र पुसले जाईल.